घरातील जाळे आणि निःशब्द स्विच

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टी एकदा पेटली म्हणजे ती वर्षानुवर्षे विझवता येत नाही. तिला ना रविवार असतो, ना सणवार. त्यामुळे तिच्यापाशी काम करणारी माणसे तीन पाळ्यांत येतात, आणि कारखान्याला लागून सेक्टर-सेक्टरने वसलेल्या या नगरात दिवसाच्या कोणत्याही प्रहरी कोणी ना कोणी झोपलेले असते. रात्रपाळी आटोपून घरी आलेल्या कामगाराची रात्र सकाळी सुरू होते. रस्त्यावरील भाजीवाल्याची हाळी किंवा शेजारच्या कुकरची शिटी थांबवणे घरच्यांच्या हाती नसते. घरातील यंत्रांचा आवाज मात्र बऱ्याच अंशी त्यांच्या हाती असतो. ज्याला पुन्हा रात्री वितळलेल्या लोखंडाजवळ उभे राहायचे आहे, त्याची झोप हा केवळ सुखसोयीचा विषय नव्हे.

घरातील यंत्रांत अलीकडच्या काळात एका छोट्या पेटीची भर पडली आहे. एखाद्या क्वार्टरचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. आतल्या खोलीत मुलगी प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी संगणकावर वर्ग ऐकत आहे. बैठकीच्या खोलीतील दूरचित्रवाणी संच इंटरनेटला जोडलेला आहे. फाटकावर कॅमेरा बसवला आहे. पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीस असलेला मुलगा संध्याकाळी पडद्यावर आईवडिलांशी बोलतो. वाय-फायने ही सारी कामे होतात खरी, परंतु विटांच्या जाड भिंती आणि सिमेंट-सळईचे छत यांतून जाताना रेडिओलहरी क्षीण होतात. जी उपकरणे जागची हलत नाहीत, ती तारेने जोडणे अधिक भरवशाचे ठरते. तथापि, इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरला तारा जोडण्याच्या खाचा, म्हणजेच पोर्ट, फार तर तीन-चार असतात. त्या अपुऱ्या पडल्या की स्विचची गरज भासते.

येथे शब्दाविषयी थोडा खुलासा करणे इष्ट होईल. दिवा लावण्याच्या बटणालाही आपण स्विच म्हणतो. प्रस्तुत विवेचनातील स्विच ही मात्र एक पेटी असून तिला पाच, आठ किंवा अधिक पोर्ट असतात, आणि त्यांना जोडलेल्या उपकरणांमधील संदेशांची ती वाटणी करते.

हबपासून स्विचपर्यंत

घरांत आणि कचेऱ्यांत आज जे तारांचे जाळे वापरले जाते, त्याला ईथरनेट असे नाव आहे. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये एका टिपणात ही कल्पना मांडली, आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आणली. या पहिल्या जाळ्यात सर्व संगणक एकाच जाड तारेला जोडलेले असत. एकाने पाठवलेला संदेश सर्वांना ऐकू जाई, आणि दोघे एकाच वेळी बोलू लागले तर संदेशांची टक्कर होऊन दोघांनाही पुन्हा प्रारंभ करावा लागे. पुढे एका तारेच्या जागी ‘हब’ नावाची पेटी आली व प्रत्येक संगणकाची तार तिला येऊन मिळू लागली. परंतु मूळ दोष कायम राहिला. हब म्हणजे चावडीवर बसून गावात आलेले प्रत्येक पत्र मोठ्याने वाचून दाखवणारा पोस्टमन. पत्र ज्याचे असेल तो ते घेतो, पण ऐकावे मात्र सर्वांना लागते.

स्विचने ही रीत बदलली. प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच ४८ बिटांचा एक पत्ता दिलेला असतो. कोणत्या पोर्टावरून कोणत्या पत्त्याचा संदेश आला, हे स्विच पाहतो व आपल्या स्मरणकोशात नोंदवून ठेवतो. नंतर त्या पत्त्यासाठी संदेश आला की तो केवळ त्याच पोर्टाने पाठवला जातो. पत्ता अजून माहीत नसेल, तेवढ्यापुरताच तो सर्वांकडे धाडला जातो. यामुळे मुलीचा वर्ग चालू असताना फाटकावरील कॅमेऱ्याचे चित्र तिच्या तारेत शिरत नाही, आणि दोन्ही कामे एकाच वेळी पूर्ण वेगाने होतात.

बाजारात आलेला अशा प्रकारचा पहिला स्विच १९९० च्या सुमाराचा. तो तयार करणाऱ्या कॅलिफोर्नियातील कंपनीचे नाव होते ‘कल्पना’. भारतीय वंशाचे उद्योजक विनोद भारद्वाज हे तिच्या दोन संस्थापकांपैकी एक असून त्यांनी पत्नीच्या नावावरून कंपनीचे नाव ठेवले होते. त्या यंत्राला सात पोर्ट होते. १९९४ मध्ये सिस्को या मोठ्या कंपनीने ‘कल्पना’ विकत घेतली. त्या काळी केवळ मोठ्या संस्थांना परवडणारी ही वस्तू आज तळहातावर मावते व साध्या दुकानातही मिळते.

आवाज कोठून येतो

स्विचच्या कामात फिरणारा असा कोणताही भाग नाही. आवाज येतो तो त्याला थंड ठेवणाऱ्या पंख्याचा. कचेऱ्यांसाठी बनवलेले स्विच लोखंडी मांडणीत एकावर एक बसवायचे असतात, म्हणून त्यांची उंची सुमारे ४४ मिलिमीटर एवढीच ठेवतात. एवढ्या उंचीत ४० मिलिमीटर व्यासाचाच पंखा मावतो. लहान पंख्याने पुरेशी हवा ढकलायची तर त्याला मिनिटाला हजारो फेरे घ्यावे लागतात. पंख्याचा आवाज त्याच्या गतीबरोबर फार झपाट्याने वाढतो. गती दुप्पट झाली तर आवाजात सुमारे १५ डेसिबलची भर पडते. आणि दर १० डेसिबलला कानाला आवाज जवळजवळ दुप्पट झाल्यासारखा वाटतो. शिवाय लहान पंख्याचा स्वर उंच व किरकिरा असतो. छताच्या पंख्याची घरघर झोपेत विरून जाते, तशी ही शीळ विरत नाही.

झोपण्याच्या खोलीतील सतत चालणारा आवाज ३० डेसिबलपेक्षा अधिक असू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये केली. भारतात २००० साली झालेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी बाहेरील आवाजाची मर्यादा घातली आहे. या नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा. दिवसा झोपणाऱ्या कामगाराची रात्र त्यांत बसत नाही. त्याला शांतता हवी असेल तर ती घरातल्या घरातच साधावी लागते.

जुन्या संगणक-साहित्याच्या बाजारात कचेऱ्यांतून निघालेले चोवीस पोर्टांचे स्विच पुष्कळदा नव्या घरगुती स्विचच्या किमतीत मिळतात. पोर्टांची संख्या पाहून ग्राहकाला मोह होतो. परंतु असा स्विच एका भिंतीपलीकडच्या खोलीतही ऐकू येऊ शकतो व घरगुती स्विचच्या कित्येक पट वीज घेतो. राहत्या घरात त्याला जागा नाही.

पंखा नसलेला स्विच मात्र नेहमीच पूर्ण मूक असतो, असे नाही. त्याच्या अथवा त्याच्या अडॅप्टरच्या आतील वेटोळ्यांतून कधीकधी बारीक सूं-सूं आवाज येतो. दुकानात तो कळत नाही. रात्री खोली शांत झाली की कळतो. म्हणून विकत घेताना बदलून मिळण्याची मुदत विचारून घ्यावी, आणि त्या मुदतीत एकदा दिवे मालवून पेटीजवळ कान नेऊन पाहावे.

पंखा नाही, मग उष्णता कोठे जाते?

घरगुती आठ पोर्टांचा स्विच साधारणतः चार-पाच वॅट वीज घेतो. जुन्या ‘झिरो’च्या बल्बलासुद्धा यापेक्षा अधिक वीज लागे. सरासरी चार वॅट धरले तरी वर्षाला सुमारे ३५ युनिटच होतात. तथापि या चार वॅटांची अखेर उष्णताच होते आणि ती बाहेर पडण्यास वाट हवी असते. झोतभट्टीचे पोलादी कवच पाण्याच्या प्रवाहाने थंड राखावे लागते, हे भिलाईत लहान मुलासही ठाऊक असते. निःशब्द स्विचपाशी ना पाणी, ना पंखा. सभोवतालची हवा तापून वर जाते व तिची जागा थंड हवा घेते, एवढाच त्याचा आधार. सभोवतालची हवाच तप्त असेल, तर हा आधार दुबळा होतो.

या कारणाने भिलाईसारख्या गावी निवडीचा मुख्य निकष पेटीच्या किमतीत वा पोर्टांच्या संख्येत नसून तिच्या तापमानाच्या मर्यादेत आहे. घरगुती स्विचच्या माहितीपत्रकावर चालण्याचे तापमान बहुधा ‘० ते ४० अंश सेल्सियस’ असे छापलेले असते. काही स्विचवर ही मर्यादा ५० अंश असते, आणि कारखान्यांसाठी बनवलेल्या पोलादी वा ॲल्युमिनियमच्या पेट्यांवर ती ७० अंशांच्याही पुढे जाते. छत्तीसगडच्या मैदानात मे महिन्यात दुपारचे तापमान ४२ अंशांच्या आसपास असते व काही दिवस ते ४५ पर्यंत पोहोचते. उन्हाने तापलेल्या छताखाली, विशेषतः वरच्या मजल्यावर, खोलीतील हवा ३८ ते ४० अंशांपर्यंत जाऊ शकते. त्यात स्विच शोकेसच्या बंद कप्प्यात, राउटरच्या माथ्यावर ठेवलेला असेल, तर त्याच्या भोवतीची हवा खोलीपेक्षा आणखी कित्येक अंशांनी गरम होते. छापलेली मर्यादा याच हवेसाठी असते.

मर्यादा ओलांडली म्हणजे पेटी तत्काळ बंद पडते, असे नव्हे. हानी हळूहळू होते. स्विचमध्ये व त्याच्या अडॅप्टरमध्ये विद्युत्-साठवणीचे छोटे नळकांडीवजा भाग असतात. त्यांना कपॅसिटर म्हणतात. त्यांतील द्रव उष्णतेने आटत जातो. अभियंत्यांचा एक ढोबळ नियम असा की, तापमान १० अंशांनी वाढले तर कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते. उदाहरणार्थ, १०५ अंशांना २,००० तास टिकेल असा कपॅसिटर ६५ अंशांना सुमारे ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांहून थोडा अधिक काळ टिकतो. तोच ५५ अंशांना ६४,००० तास, म्हणजे सात वर्षांहून अधिक टिकेल. बंद कप्प्यातून पेटी बाहेर काढून भिंतीवर लावल्याने हे दहा अंश वाचत असतील, तर एकही पैसा खर्च न होता तिचे आयुष्य दुप्पट होते.

आयुष्य संपत आलेला स्विच एकदम मरत नाही. तो दुपारी अडखळतो, आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि संध्याकाळी हवा थंडावली की सुरळीत चालतो. घरचे लोक इंटरनेट कंपनीला बोल लावतात, तिचा माणूस सायंकाळी येऊन ‘सर्व ठीक आहे’ म्हणून जातो. आणि परीक्षेच्या दिवसांत नेमका दुपारचा वर्ग तुटत राहतो. अशा वेळी तक्रार करण्यापूर्वी पेटीला हात लावून पाहणे श्रेयस्कर.

निवडीचे निकष

प्रथम पोर्ट मोजावेत. आज जोडायची उपकरणे, राउटरकडे जाणारी एक तार आणि पुढच्या गरजेसाठी दोन पोर्ट, असा हिशेब करावा. बहुतेक घरांना पाच किंवा आठ पोर्ट पुरेसे होतात. गरजेहून मोठी पेटी घेण्यात लाभ काही नाही. वीज आणि उष्णता मात्र वाढते.

दुसरा विचार वेगाचा. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाचे स्वस्त स्विच अद्याप विकले जातात. ते टाळावेत. अनेक घरांची इंटरनेट-जोडणीच आता याहून वेगवान असते. ५ गिगाबाइटची फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्यास अशा स्विचला किमान ४०० सेकंद लागतील. गिगाबिट स्विच तेच काम सुमारे ४० सेकंदांत करील. तांब्याच्या तारेवरील गिगाबिट ईथरनेट १९९९ मध्येच प्रमाणित झाले असून आता त्याची किंमत फारशी राहिलेली नाही. याउलट दहा गिगाबिटचे पोर्ट घरासाठी अनाठायी होत. तांब्याच्या तारेवर त्यांतील प्रत्येक पोर्ट काही वॅट घेतो, त्यामुळे अशा पेट्यांत पुष्कळदा पंखा बसवावाच लागतो.

वेगाबरोबर तारेकडेही पाहावे. गिगाबिटसाठी कॅट-५ई दर्जाची तार पुरते व ती १०० मीटरपर्यंत चालते. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तारही मिळते. ती ठिसूळ असते व तिचा विद्युत्-रोध अधिक असतो. शुद्ध तांब्याचीच तार मागून घ्यावी.

तिसरा निकष विजेच्या काटकसरीचा. २०१० मध्ये ठरलेल्या एका मानकानुसार, तारेवर संदेश नसताना पोर्ट अर्धनिद्रित राहतो व वीज कमी घेतो. ही सोय असलेला स्विच रात्री आणि दुपारी थंड राहतो. पेटी पातळ प्लास्टिकऐवजी धातूची असल्यास अधिक बरे, कारण आतील उष्णता तिच्या सर्व पृष्ठभागावर पसरते व लवकर निघून जाते. हाताला धातूची पेटी अधिक गरम लागते, म्हणून ती वाईट असे मानू नये. ती आपले काम करीत असते.

चौथी बाब कॅमेऱ्यांची. काही स्विच संदेशाच्या तारेतूनच उपकरणाला वीजही पुरवतात. या सोयीला ‘पीओई’ म्हणतात. २००३ च्या मानकानुसार अशा पोर्टातून १५.४ वॅटपर्यंत वीज देता येते. प्रत्येकी सहा वॅटचे चार कॅमेरे असतील तर २४ वॅट लागतील. साठ वॅटच्या आसपास एकूण क्षमता असलेले बिनपंख्याचे स्विच मिळतात. त्याहून मोठ्या क्षमतेच्या पेटीत पंखा असण्याचा संभव वाढतो. म्हणून एकूण वॅटची बेरीज आधी करावी. एकच कॅमेरा असेल तर साधा स्विच घेऊन कॅमेऱ्यासाठी वीज देणारा निराळा छोटा अडॅप्टर लावणे सोयीचे.

शेवटचा प्रश्न ‘मॅनेज्ड’ की साधा, हा आहे. मॅनेज्ड स्विचमध्ये एका जाळ्याचे अनेक विभाग पाडता येतात; उदाहरणार्थ, कॅमेरे एका विभागात व संगणक दुसऱ्यात. ज्याला ही व्यवस्था समजून घेण्याची हौस आहे त्याने तो अवश्य घ्यावा. इतरांना साधा स्विच पुरेसा आहे. साध्या स्विचबाबत एकच पथ्य पाळावे: एकाच तारेची दोन्ही टोके त्याच पेटीत खुपसू नयेत. तसे झाल्यास काही संदेश गोल-गोल फिरत राहतात, क्षणात त्यांची गर्दी होते आणि सारे जाळे ठप्प होते.

मांडणी

स्विच कोठे ठेवावा, यावर निवडीचे निम्मे यश अवलंबून आहे. गच्चीखालचा माळा, पश्चिमेची भिंत, दूरचित्रवाणी संचामागील कोंडलेली जागा व बंद कपाट या चार जागा वर्ज्य समजाव्यात. आतल्या बाजूच्या भिंतीवर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, चारी बाजूंना वीतभर मोकळी जागा सोडून तो टांगावा. हवा नेहमी वर चढते. त्यामुळे छताजवळची जागा खोलीत सर्वांत उष्ण असते.

उन्हाळ्यात भिलाईतील घरांत कूलर चालतो. त्याच्या आवाजापुढे स्विचचा पंखाही ऐकू येणार नाही, मग निःशब्द स्विचचा अट्टहास कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. कूलर चार महिने चालतो, स्विच बारा महिने. आणि थंडीतील दुपार पूर्ण शांत असते, हे त्याचे उत्तर. कूलरच्या थेट झोतात मात्र स्विच ठेवू नये. ती हवा थंड असली तरी दमट असते, आणि तिच्याबरोबर पाण्याचे तुषारही येतात.

जूनच्या मध्यास पावसाळा लागण्यापूर्वी वळवाच्या सरी व विजा येतात. घरात येणारी इंटरनेटची तार काचतंतूची असेल, तर तिच्यातून विजेचा धक्का येत नाही. परंतु फाटकावरील कॅमेऱ्याकडे गेलेली तांब्याची तार तो घरात आणू शकते. विजा कडाडत असताना ती तार काढून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. स्विच व राउटर एकाच छोट्या इन्व्हर्टरवर ठेवावेत, म्हणजे वीज गेली तरी वर्ग तुटत नाही. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीची खूण आहे की नाही, हे पाहावे. पेटीपेक्षा अडॅप्टरच आधी निकामी होण्याचा संभव असतो. वर्षातून दोनदा, होळीच्या व दिवाळीच्या सफाईत, कोरड्या ब्रशाने पेटीच्या भोकांतील धूळ झाडावी.

सारांश, घरासाठी पाच किंवा आठ पोर्टांचा, गिगाबिट वेगाचा, धातूच्या पेटीचा, बिनपंख्याचा आणि शक्य तर ५० अंशांपर्यंत चालणारा स्विच घ्यावा, आणि तो मोकळ्या हवेत टांगावा. पंख्याने जे काम गोंगाट करून केले असते, ते अशा पेटीत जागेची योग्य निवड करते. मग दुपारी एका खोलीत वर्ग अखंड चालू राहतो, आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला रात्रपाळीहून आलेला माणूस आपली झोप पुरी करतो.